आढीच्या खोलीतली थंडी

मला हाक मारायची सवय आहे. पडवीतल्या आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचताना दर थोड्या वेळाने माझ्या तोंडून "अगं" असं निघतं, आणि घरात कुठूनतरी "ओ" आलं की मी पुढची ओळ वाचू लागतो. काम असतंच असं नाही. बहुतेक वेळा नसतंच. छातीत स्टेंट बसवल्यापासून ही सवय जरा वाढली, हे मला मान्य आहे. त्या दिवशी मी न्हाणीघराच्या दारात भिंत धरून खाली बसलो होतो आणि एका हाकेसरशी बायको धावत आली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत म्हणून वाचले. तेव्हापासून माझ्या मनाने एक हिशेब पक्का धरला आहे, की ती हाकेच्या अंतरावर आहे तोवर मी आहे.

रत्नागिरीत नाचणे रस्त्याच्या आत आमचं घर, आणि चिऱ्याच्या कुंपणापलीकडे हमिदाबी राहतात. त्यांचा मुलगा कतारला असतो आणि दिवसभर त्या एकट्याच असल्यामुळे माझ्या हाका त्यांच्याही कानावर पडतात. "सर, भाबी बाजारात गेली ना की मला सांगून ठेवत जावा," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. "तेवढा वेळ 'ओ' मी देत जाईन." यावर बायको खूप हसली होती. मीही हसलो, पण त्यात मला खरोखरच थोडी सोय दिसली होती.

गेल्या हिवाळ्यात विनीतने, आमच्या मुलाने, आम्हाला कॅनडात त्याच्याकडे, एडमंटनला नेलं. मला ती थंडी मुळीच मानवली नाही. मी खिडकीजवळची खुर्चीसुद्धा टाळत असे. पण रत्नागिरीत डिसेंबरच्या पहाटे जरा गारवा आला तरी कानाला रुमाल बांधणारी माझी बायको, तिथे बर्फ पडायला लागल्याबरोबर विनीतचा ढगळ कोट अंगावर चढवून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. ती काही करत नव्हती. लहान मुलांसारखी बर्फाशी खेळली असती तर मी समजू शकलो असतो. ती नुसती उभी राहायची, आणि आत येताना दारात थांबून उजव्या हाताने डावा खांदा हलकेच झटकायची. कुणीतरी खांद्यावर ठेवलेला हात त्याला न दुखवता बाजूला करावा, तसा. तिचे गाल लाल झालेले असत आणि डोळ्यांत एक समाधान असे, जे मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतही पाहिल्याचं मला आठवत नाही. कदाचित तेव्हा मी नीट पाहिलं नसेल.

मोठ्या माणसांना बर्फाचं एवढं प्रेम का वाटावं, यावर मी तिथे बराच विचार केला. बालपणाची आठवण हे कारण मला पटण्यासारखं होतं, पण तिचं बालपण आंजर्ल्याला खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात गेलेलं. न पाहिलेल्या गोष्टीची आठवण कशी येईल? विनीतला विचारलं तर तो म्हणाला, "बाबा, इथे निम्मे लोक बर्फाला शिव्या देतात आणि निम्मे त्याची वाट बघतात. माणसं तीच असतात, दिवस वेगळे असतात." मग म्हणाला, की बर्फ पडला की सगळ्यांना एकदमच माफी मिळते, कुणाकडे जायला नको, कुणी येणार नाही.

मी भौतिकशास्त्र शिकवलं, आणि माझी पीएच.डी. सच्छिद्र पदार्थ आवाज कसा शोषून घेतात यावर आहे. काथ्याच्या जाड थरांवर मी ऐन उमेदीची वर्षं घालवली आणि माझ्या बायकोने त्याबद्दल एकही प्रश्न कधी विचारला नव्हता. एडमंटनच्या मागच्या दारात तिने पहिल्यांदा विचारला. बाहेर इतकं शांत कसं, असं. मी तिला सांगितलं की ताज्या बर्फात हवेच्या असंख्य फटी असतात, आवाज त्यात शिरतो आणि परत येत नाही. "म्हणजे इथून हाक मारली तर?" तिने विचारलं. मी म्हणालो, फार तर कुंपणापर्यंत जाईल. तिने मान हलवली, बाजारात एखादा भाव पटल्यासारखी.

त्याच संध्याकाळी, भांडी पुसता पुसता, ती आपण होऊन बोलली. "आंजर्ल्याला मला सगळे चिमा म्हणायचे. विहिरीवरून चिमे, गोठ्यातून चिमे, ओटीवरून चिमे. इथे उभी राहिले आणि पहिल्यांदा वाटलं, आत्ता मी कुणालाच नकोय." मग फडकं वाळत घालत म्हणाली, "आणि त्याचं वाईट वाटलं नाही."

मी काय बोललो ते आता आठवत नाही. बहुधा चहा मागितला असेल.

फेब्रुवारीअखेर आम्ही परत आलो. घर उघडलं, झाडलं, पाणी चढवलं, आणि मी पडवीत बसून हाक मारली. उत्तर आलं नाही. प्रवासाचा शीण असेल, असं मी धरून चाललो. पण पुढेही तसंच होत राहिलं. सगळ्या हाकांना नव्हे. ती स्वयंपाकघरात असली तर "ओ" यायचं, मागच्या खोलीत असली की यायचं नाही. मी उठून जाऊन पाहायचो, तर ती खिडकीशी स्टुलावर बसलेली असायची आणि मी दारात दिसल्यावर सहज वळून विचारायची, काय हो? मी आग्रहाने तिचे कान तपासून घेतले. यंत्रात काही निघालं नाही. कानाचे डॉक्टर माझे जुने विद्यार्थी, ते म्हणाले, "सर, इतक्या वर्षांच्या संसारात ही तक्रार बहुतेक घरांत सुरू होते. औषध नाही." ती हसली. मीही हसलो आणि घरी येताना रिक्षात माझेच कान तपासायला हवे होते का, याचा विचार करत राहिलो.

मागची खोली आमची आढीची. दारात हापूसची तीन कलमं आहेत. एप्रिलमध्ये फळ उतरलं की त्या खोलीत जमिनीवर गवत पसरून त्यात आंबे लावायचे, वर पुन्हा गवत, आणि दार लोटून घ्यायचं. दोन-चार दिवसांत आत अशी ऊब धरते की दार उघडलं की वास तोंडावर येतो. आढी परतायचं काम तिचं; हाताने चाचपून पिकलेले आंबे वेगळे काढायचे, कच्चे पुन्हा झाकायचे. या वर्षी अक्षय्य तृतीया आली तरी आढीतला एकही आंबा पिकला नव्हता. ती रोज परतत होती आणि रोज हिरवेच, दगडासारखे आंबे पुन्हा गवतात ठेवत होती, आणि तिला त्याची काहीच काळजी दिसत नव्हती. त्याच कलमांची पाटीभर फळं हमिदाबींकडे दिली होती. ती पिकून, खाऊन, बाठे परसात टाकूनही झाले होते. सणाला आमरस त्यांनीच पाठवला.

मी एक आंबा हातात घेतला. तो थंड होता. बाहेर अंगाची लाही होत होती आणि तो आंबा विहिरीतून काढल्यासारखा थंड होता. मी थर्मामीटर आणून खोलीत टांगला. त्याने पडवीतलंच तापमान दाखवलं. उपकरणावर विश्वास ठेवायचा की तळहातावर, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण त्या दुपारी मला ते ठरवता येईना. ती समोरच स्टुलावर बसली होती. तिने अंगावर शाल घेतली होती आणि तिचे गाल लाल होते.

उशिराची फळं काढायला गंगाराम आला तो मे महिन्यात. तो दरवर्षी येतो, झाडावर बसून गावभरच्या बातम्या सांगतो आणि मला चिडवतो. मागच्या खिडकीवर झुकलेल्या फांदीशी पोचला आणि चालू बातमी अर्धीच सोडली. मग वरूनच म्हणाला, "सर, ही फांदी येडी झाली काय ओ? मोहोर आलाय हिला."

मी खाली उभं राहून पाहिलं. सगळं झाड शेवटच्या फळांनी आणि धुळीने मरगळलेलं होतं आणि ती एक फांदी जानेवारीतल्यासारखी मोहोराने भरली होती. थंडी लागल्याशिवाय कलमाला मोहोर येत नाही हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. गंगारामने खिडकीकडे पाहिलं. "काकींनी आत एसी बसवलाय?" मी नाही म्हणालो. त्याने बाकीची फळं काढली, त्या फांदीला हात लावला नाही, आणि चहा न घेताच गेला.

मी स्वतःशी वाद घालत होतो. हवामान बिघडलेलं आहे, झाडं वेळ चुकतात; आंबा कोवळा उतरवला तर पिकत नाही; शांत खोलीत बसलेली बाई हाकेला ओ देत नसेल तर तिला द्यायची नसेल. प्रत्येक गोष्टीला सरळ उत्तर होतं. मी ती उत्तरं नीट मांडून ठेवायचो आणि पुन्हा हाक मारायचो. पूर्वीपेक्षा जास्तच मारायचो, मोठ्याने, कधीकधी खुर्चीतून अर्धवट उठून. आता स्वयंपाकघरातूनही उत्तर येईनासं झालं होतं.

मग एका सकाळी हमिदाबी कुंपणाशी आल्या. हातात वाटी होती, पण ती द्यायची विसरून त्या माझ्याकडे निरखून बघत राहिल्या. त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "सर, तुमचं नि भाबीचं काय बिनसलंय काय?"

मी म्हणालो, नाही. का?

"नाय म्हटलं... महिना होत आला, तुमची हाक नाय ऐकली. मला करमत नाय हो त्याशिवाय."

मी त्याच सकाळी, पेपर येण्याआधी, किती वेळा हाक मारली होती ते मलाच ठाऊक. घसा दुखत होता. प्रकृती बरी नाही असं काहीतरी बोललो. त्यांनी वाटी दिली आणि जाताना म्हणाल्या, जपा.

दुपारी मी मागच्या खोलीच्या दारात गेलो आणि टाळी वाजवली. रिकाम्या खोलीत टाळीला एक बारीक शेपूट असतं, भिंतींवरून परतलेलं; ते ऐकून मी खोलीचं मापही अंदाजाने सांगत असे. इथे टाळी दोन्ही तळहातांच्या मधेच संपली. असा आवाज मी एकदाच ऐकला होता, विनीतच्या मागच्या अंगणात. गवत आवाज शोषतं, मी स्वतःला म्हणालो. काथ्यासारखंच. पण इतकं नाही.

ती वळली, माझ्याकडे पाहून हसली. मी जवळ जाऊन बसलो आणि खूप दिवस मनात असलेलं विचारलं, अगदी हळू, की मी हाक मारतो तेव्हा ती ओ का देत नाही.

ती गोंधळली. "तुम्ही तर हल्ली मारतच नाही हो," ती म्हणाली. माझ्या हातावर तिने हात ठेवला; तो आढीतल्या आंब्यासारखा होता. "मी बोलले नाही तुम्हाला, पण फार बरं वाटलं. वाटलं, तिकडे मी जे म्हटलं ते तुम्हाला कळलं. न सांगता सोडलंत."

तिचे डोळे भरून आले होते. मी मान हलवली. एवढ्या वर्षांत मी तिला दिलेली ही पहिलीच वस्तू असावी जी तिला खरोखर हवी होती, आणि ती मी दिलेलीच नव्हती. पडवीत येऊन बसलो तेव्हा मी ठरवलं की आजपासून खरंच हाक मारायची नाही. जे तिला आधीच मिळालं आहे ते निदान खरं तरी करावं. मी ते थोडे दिवस पाळलंही. तोंडाशी आलेलं "अगं" गिळायचो, आणि त्या शांततेत मला माझं हृदय ऐकू यायचं.

काल दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत टेकलो आणि छातीत ते जुनं ओझं आलं. ते दुखणं असतं की भीती, हे मला कधीच नीट ओळखता आलेलं नाही, आणि म्हणूनच दोन्ही वेळी मी एकच गोष्ट करतो. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग कुंपणाकडे वळून हमिदाबींना मारली. त्यांच्या परसात कोंबड्या उकरत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. फोन आत होता. मी भिंत धरून उठलो आणि सावकाश मागच्या खोलीपर्यंत गेलो.

दार उघडं होतं. ती खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसली होती, पाठ माझ्याकडे. खिडकीबाहेर ती मोहोराची फांदी होती आणि तिच्यापलीकडे मे महिन्याचं पांढरं ऊन. उंबऱ्यावरच मी चौकट धरून खाली बसलो. तिच्यात आणि माझ्यात आढीचं गवत तेवढं होतं. मी "अगं" म्हणालो. ओठ हलले, घशात कंप आला, आणि माझ्या तोंडासमोर श्वासाचा एक लहानसा पांढरा पुंजका धरला, विनीतच्या अंगणात धरायचा तसा, आणि तिच्या दिशेने तरंगत जाऊन दिसेनासा झाला.

मग मी, आयुष्यात कधी घेतलं नव्हतं ते तिचं माहेरचं नाव घेतलं. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून म्हणालो, "चिमे."

ती वळली नाही. तिने उजवा हात उचलला आणि डाव्या खांद्यावर काही पडल्यासारखं हलकेच झटकलं.

मी पुन्हा हाक मारली. तिने पुन्हा खांदा झटकला.