स्वच्छ परत येणारं ताट

भावाची गाडी फाटकाशी थांबली आणि सगळ्यांत आधी उतरली ती मांजराची टोपली. टोपली भावजयीच्या कडेवर, टोपलीवर लोकरीची शाल, आणि मागून दोन बॅगा नि थंडीनं लाल झालेलं नाक घेऊन भाऊ. थोरलीनं हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि हातातला बटाटा गरजेपेक्षा जास्त सोलला. हिवाळ्याच्या सुट्टीचे चार दिवस म्हणजे बारा जेवणं. हा हिशेब तिनं आठवडाभर आधीच करून ठेवला होता आणि तेव्हापासून तिचं डोकं दुखत होतं.

थोरली एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती. रोज अडीचशे रोग्यांची ताटं तिच्या नजरेखालून जायची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर ती "वेळ मिळाला नाही" म्हणायची. पुन्हा विचारलं तर नुसती बघायची. दोन वर्षांपूर्वी आईच्या हृदयानं कुरबुर सुरू केली तेव्हा आईला तिनंच आपल्या घरी आणलं. आईबरोबर आईचा कुत्राही आला. त्याला सगळे मुकादम म्हणत, कारण तो स्वतः काही काम करत नसे आणि काम करणाऱ्या प्रत्येकावर भुंकत असे.

तीन आठवड्यांपूर्वी भावाचा फोन आला होता. आईचा आवाज फार बारीक झालाय, सुट्टीत येतो, मग काय ते ठरवू, असं तो म्हणाला. काय ठरवायचं ते थोरलीनं विचारलं नाही, कारण ते तिला कळलं होतं. आईला तिच्याकडून न्यायचं. आईशी तिचं एक दिवस पटत नव्हतं, हे शेजारच्या दोन्ही घरांना भिंतीतून ऐकू येत असे. पण आई गेली तर या घरात भांडायलासुद्धा कुणी उरणार नाही, हेही तिला दिसत होतं. शिवाय दोन वर्षं खपून केलेलं सगळं असं एका फोनवर मातीमोल व्हावं, हे तिला सहन होणारं नव्हतं. आई द्यायची नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं.

भावजय जनावरांची डॉक्टर होती. आत आल्याआल्या मुकादमनं टोपलीवर झडप घातली, मांजरानं टोपलीच्या फटीतून त्याच्या नाकावर पंजा मारला, आणि तो सोफ्याखाली जाऊन रडायला लागला. सुट्टीची सुरुवात अशी झाली. "तुमचा कुत्रा फार सुटलाय, ताई," भावजय पहिल्याच वाक्यात म्हणाली. थोरलीनं चहा ठेवला आणि त्यात साखर मुद्दाम कमी घातली.

खरी लढाई स्वयंपाकघरात होती. भावजयीनं येताना आपलं तेल, आपले मसाले, आपलं लोणी आणि आपली सुरीसुद्धा आणली होती. दवाखान्याचं जेवण आम्हाला सोसत नाही, असं ती हसत हसत म्हणाली. हसत म्हटलं की बोचलं नाही असं समजणाऱ्या माणसांपैकी ती एक होती. एका ओट्यावर दोघी उभ्या राहिल्या. एकीनं भांडं डावीकडे ठेवलं की दुसरी ते उजवीकडे सरकवायची. एकीनं ओव्हनची उष्णता कमी केली की दुसरी जाताजाता वाढवायची, त्यामुळे पहिल्या दिवशीचा केक वरून करपला आणि आतून कच्चा राहिला. तो कुणाचा दोष यावर संध्याकाळ गेली. भाऊ दोघींच्या मधे सापडायला नको म्हणून गाडी पुसत बसला, आणि त्या थंडीत त्यानं ती गाडी तीनदा पुसली.

आई आपल्या खोलीत होती. ती कुणाबरोबर जेवत नसे. माझे घास मोजलेले मला चालत नाहीत, असं तिनं पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. थोरली ताट खोलीत नेऊन द्यायची, आई म्हणायची, "आज काय, भिंतीचा चुना उकडलास का?" आणि दार लावून घ्यायची. मुकादम आतच असायचा. आईची जीभ त्या घरातली सगळ्यांत धारदार वस्तू होती, आणि थोरलीला तिची इतकी सवय झाली होती की ज्या दिवशी टोमणा येत नसे त्या दिवशी ती आईचा ताप बघायची.

दुसऱ्या दिवशी भावानं आईला स्वेटर चढवायला मदत केली आणि तिचा दंड त्याच्या मुठीत मावला. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. आई हाडाचा सापळा झालीय, तू तिला खायला घालतेस की नाही, असं त्यानं भरल्या स्वयंपाकघरात विचारलं. भावजयीनं कांदा चिरणं थांबवलं, पण मान वर केली नाही.

थोरली याची वाटच बघत होती. तिनं फडताळातून वही काढली. दवाखान्यात रोगी किती जेवला हे त्याला विचारत नाहीत. ताट जाताना वजनकाट्यावर ठेवतात, परत आल्यावर पुन्हा ठेवतात, आणि फरक लिहून ठेवतात. रोगी खोटं बोलतो, काटा बोलत नाही, असं ती कामावर नव्यानं आलेल्या बायकांना शिकवायची. घरीही तिनं तसंच ठेवलं होतं. दोन वर्षांची प्रत्येक वेळची नोंद होती: सूप, बटाटे, उकडलेली भाजी, बिनमिठाची, बिनतेलाची, डॉक्टरांनी सांगितली तशी. गेल्या दीड वर्षात उरलेल्या अन्नाच्या रकान्यात शून्याशिवाय काही नव्हतं.

"एक कण उरत नाही ताटात," थोरली म्हणाली. "तुझ्या घरी तरी आई एवढं जेवली असती का?"

भाऊ वही चाळत राहिला. थोरलीला वाटलं, जिंकले. ती त्या दुपारी आठवड्यात पहिल्यांदा निवांत झोपली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते तिला अजून कळायचं होतं. कारण वही भावजयीनंही वाचली होती, आणि जनावरांच्या डॉक्टरला शून्य दिसलं की ती ताटाकडे बघत नाही, जनावराकडे बघते.

तिसरा दिवस सुट्टीतल्या मोठ्या जेवणाचा. सकाळपासून कोंबडी ओव्हनमध्ये होती, खिडक्यांच्या काचा वाफेनं धुरकटल्या होत्या, आणि दोघी एकमेकींशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलत होत्या. भावजयीची लोण्यातली कोंबडी, थोरलीचे बटाटे, भावानं बाजारातून आणलेला केक. थोरलीनं आईचं ताट वेगळं वाढलं, काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला आणि खोलीत नेऊन दिलं. आज आईनं ताटाकडे बघून, "सुट्टीचा दिवस म्हणून मला शिक्षेत सूट नाही वाटतं," एवढंच म्हटलं.

थोरली परत आली तर भावजय मुकादमला शोधत होती. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर त्याला सकाळीच उभं करून पाहिलंय, असं तिनं सांगितलं. वर्षापूर्वी मी लस टोचली तेव्हापेक्षा सात किलो जास्त. तुम्ही त्याला काय घालता? थोरली म्हणाली, सकाळ-संध्याकाळ एक वाटी, मोजून. भावजय म्हणाली, एका वाटीवर सात किलो चढत नाहीत ताई. मग तिनं हात पुसले, पॅसेजमधून सरळ गेली आणि आईच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं.

आई पलंगाच्या कडेला बसली होती. ताट जमिनीवर होतं. मुकादमनं सूप संपवलं होतं आणि तो बटाट्यांवर आला होता, सावकाश, रोजचं काम असल्यासारखा. आईच्या मांडीवर बिस्किटाचा पुडा उघडा होता. मागे थोरली आली, तिच्यामागे भाऊ आला, आणि तिघं दारात दाटीवाटीनं उभी राहिली. कुत्र्यानं वर बघितलं आणि पुन्हा ताटात तोंड घातलं.

आई जराही वरमली नाही. "दार वाजवायची पद्धत गेली वाटतं घरातून," ती म्हणाली. "काय बघता? त्याला आवडतं ते. माणसाच्या तोंडचं नाही ते, मी सहा महिने गिळून पाहिलं."

थोरलीला सगळ्यांत आधी लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग संताप आला. दीड वर्ष ती कुत्र्याला वाढत होती. पहाटे उठून, मीठ न घालता, चरबी काढून, वजन करून. आणि ताट किती स्वच्छ आलं म्हणून रोज स्वतःवर खूश होत होती.

भाऊ आता थांबणार नव्हता. त्याला काल सापडलं नव्हतं ते उत्तर आज ताटासकट सापडलं होतं. दोन वर्षं तू आईला उपाशी ठेवलंस, त्यानं सुरू केलं. वही लिहीत बसलीस, पण एकदा दार उघडून बघितलं नाहीस. तिच्यापेक्षा तुला तो काटा जवळचा. भावजय म्हणाली की तिच्या दवाखान्यात जनावरालासुद्धा कुणी असं नुसतं ताट सरकवून जात नाही. ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. आई मधेच म्हणाली की तुम्ही दोघं वर्षातून चार दिवस येणारे, तुम्ही कुणाला शिकवू नका. पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आई कुणाची या भांडणात आईचं ऐकायला कुणाला वेळ नसतो.

"घेऊन जा मग," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "उद्या कशाला, आजच. बॅग मी भरते. औषधांची यादी देते. घाल तिला लोण्यातली कोंबडी आणि ठेव तुझ्याजवळ."

भावानं बायकोकडे बघितलं. बायकोनं खिडकीकडे बघितलं. मग ती म्हणाली, तसं लगेच कसं जमेल, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. भाऊ म्हणाला, शिवाय हिला रात्री-अपरात्री जावं लागतं, मी फिरतीवर, आई एकटीच राहणार. भावजय म्हणाली, आणि मांजर आहे, कुत्र्याचं कसं करायचं. भाऊ म्हणाला, ठरवू, उन्हाळ्यात बघू, एखादी चांगली जागा असते हल्ली, जिथे सगळी सोय असते. न्यायला आलेल्या माणसांनी न्यायची जागा कधी बघितलीच नव्हती.

थोरलीला आनंद व्हायला हवा होता. तिनं भावाला तोंडघशी पाडलं होतं, आणि आई इथेच राहणार होती. तिनं आईकडे बघितलं, आता काय टोमणा येतो म्हणून.

आई तिघांकडे आळीपाळीनं बघत होती. आधी लेकाकडे, मग सुनेकडे, मग थोरलीकडे. आजच घेऊन जा म्हणणाऱ्या थोरलीकडे ती सगळ्यांत जास्त वेळ बघत राहिली. मग तिनं बिस्किटाचा पुडा बंद करून उशीखाली सारला, केस कानामागे घेतले आणि काठीला हात घातला.

"मी बाहेर येते," ती म्हणाली. "टेबलावर बसते सगळ्यांबरोबर. चालेल ना?"

चालेल ना, असं तिनं या घरात कधी विचारलं नव्हतं.

कोंबडी ओव्हनमधून निघाली होती, पण ती कापायला कुणी पुढे झालं नाही. थोरलीनं आईसाठी नवं ताट वाढलं, तेच सूप, तेच बटाटे, तीच भाजी. काट्यावर न ठेवता तिनं ते आईपुढे ठेवलं. भावानं कोंबडीचा एक तुकडा आईच्या ताटात घालायला हात पुढे केला. आईनं ताटावर आडवा हात धरला आणि डॉक्टरांनी नको सांगितलंय, असं हळू म्हणाली. मग ती जेवायला लागली. एक चमचा, मग दुसरा. गिळताना तिच्या गळ्याची शीर वर यायची. तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

थोरली समोर बसली होती. तिला वाटत होतं, आता बोलेल, आता चुन्यावरून काहीतरी म्हणेल, आता ताट सरकवेल. तिनं सरकवलं तर आपण मुकाट्यानं मिठाची बाटली काढू, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण आईनं बटाटे संपवले, भाजी संपवली आणि ताटाच्या कडेची उरलेली भाजीसुद्धा चमच्यानं गोळा केली.

"अळणी आहे," थोरली शेवटी म्हणाली. "अळणी आहे म्हण की. रोज म्हणतेस."

आईनं वर बघितलं. परक्याच्या घरी जेवताना बघतात तसं, जपून.

"नाही गं," ती म्हणाली. "चांगलं झालंय. तू करशील ते मी खाईन."