त्या सामन्याची हवा

"फोन म्हणजे काय तान्हं बाळ आहे, दुपट्यात गुंडाळून ठेवायला?" सासूबाई ओट्याशी पुटपुटल्या. आवाज हळूच होता, पण स्वयंपाकघर ते केवढं! बाहेर खुर्चीत बसलेल्या जावयाला शब्द न् शब्द ऐकू आला.

हा जावई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. दुसऱ्यांना लांबचं स्पष्ट दाखवणं हा त्याचा धंदा. स्वतःच्या बाबतीत नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं.

सासऱ्यांनी उभी हयात एका फुटबॉल क्लबच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारण्यात काढली. एकदा अंतिम सामना जिंकल्यावर कर्णधाराने सगळ्या संघाच्या सह्या असलेला चेंडू त्यांच्या हातात ठेवला. तो कपाटात मानाने बसला. मऊ पडत चालला, तरी सासऱ्यांनी त्याला पंप लावू दिला नाही. आतली हवा त्या दिवसाची आहे, म्हणायचे.

जावयाला तेव्हा डिजिटल कार्डांचं, म्हणजे पैसे मोजून फोनवर जमवायच्या चित्रांचं, खूळ लागलेलं. त्याच सामन्यातल्या गोलाची छोटीशी चित्रफीत असलेलं कार्ड, मोजक्या प्रतींपैकी एक, विकायला आलं होतं. चामडं कुजतं, शाई उडते, हवा जाते. या कार्डाला मात्र काही होत नाही, भाव चढतच राहणार, असं त्याने सासऱ्यांच्या गळी उतरवलं. जुन्या वस्तू जमवणाऱ्या एका गृहस्थाला चेंडू विकला आणि कार्ड घेतलं. सासऱ्यांनी ते फोनमध्ये ठेवलं, फोन दुपट्यात, आणि चित्रफीत एकदाही लावली नाही. बघून बघून झिजेल, कोरीच राहू दे, म्हणाले. जावई तेव्हा खूप हसला होता. आता ते हसणं आठवलं की तो सासऱ्यांची नजर चुकवायचा.

कारण लोकांची हौस फिटली आणि कार्डाला गिऱ्हाईकच उरलं नाही. बायकोने ते ओळखलं, सासूबाईंनीही ओळखलं. सासरे मात्र दर रविवारी भाव विचारायचे, आणि हा "थांबू या जरा" म्हणून चहाच्या कपात तोंड घालायचा.

आज पळायला वाट नव्हती. मैदानावर नवी इमारत झाली होती. तिथल्या काचेच्या कपाटात तो चेंडू ठेवू, खाली तुमचं नाव लिहू, असं क्लबची माणसं सासऱ्यांना सांगून गेली होती. घेतलेल्या किमतीलाच चेंडू परत द्यायला ते गृहस्थही तयार होते. म्हणजे आता कार्ड तेवढं विकायचं राहिलं होतं.

"आजच काढून टाका, जावईबापू," सासऱ्यांनी दुपटं त्याच्या मांडीवर ठेवलं. "भाव चढला असेल तर वरचे पैसे तुमचे."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जीभ सवयीने "थांबू"पर्यंत गेली आणि तिथंच अडकली. बायको दारात जमिनीकडे बघत उभी होती.

सासऱ्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, दारातल्या लेकीकडे बघितलं. मग त्यांनीच दुपट्याची एकेक घडी सोडली, फोन बाहीला पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"लावा."

"बाबा, झिजेल ना," तो कसाबसा म्हणाला.

"झिजू दे. त्याला आता काही किंमत नाही, जावईबापू. निदान माझी रेषा तरी बघू. सरळ आली होती का."