जमिनीला चिकटलेलं नाथाचं

खारी गावातल्या महिपत आणि नाथाचं भांडण कशावरून झालं होतं, ते दोघांनाही आठवत नव्हतं. पण आठवत नाही म्हणून भांडण सोडून द्यावं इतके ते उथळ नव्हते. शेतं बांधाला बांध लागून, तरी वर्षानुवर्षं बोलणं बंद. महिपतची बायको वारली होती, लेक मोरव्याला नांदत होती, म्हणजे त्याचं घरातलं बोलणंही बंदच होतं.

तेव्हा भाईंदर स्टेशनाच्या बाजूला कुठे दोन-चार चाळी उठत होत्या. खारीत अजून भाताची लावणी सावडीवर चालायची. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही, नुसती न्याहारी. महिपतच्या पाळीला पाऊस असा कोसळत होता की बायका डोक्यापाठीवर इरली घेऊन वाकल्या, आणि इरल्याखालून माणसाला आपले पाय आणि चिखल एवढंच दिसतं. रोपांच्या जुड्या बांधावर ठेवून महिपत न्याहारी आणायला घरी गेला. बायका बांधाच्या भलत्याच अंगाला उतरल्या आणि महिपतची सगळी रोपं त्यांनी नाथाच्या शेतात लावून टाकली.

नाथा तिथेच उभा राहून बघत होता. पण बायका पडल्या महिपतच्या सावडीच्या. त्यांना हटकणं म्हणजे महिपतशी बोलल्यासारखंच झालं असतं. तेव्हा आपलं शेत गेलं तरी चालेल, पण अबोला मोडता कामा नये, म्हणून तो तोंड मिटून राहिला. असली निष्ठा हल्ली देवाच्या वाट्यालाही येत नाही.

एकदा लावलेलं भात पुन्हा उपटलं तर धरत नाही. महिपतने कपाळाला हात लावला. वर्षाचं खाणं दुसऱ्याच्या शेतात उभं! गावकी बसली. म्हाताऱ्या धर्माजीने चिलमीवर चिलीम ओढून निकाल दिला, "जमिनीला चिकटलेलं ते नाथाचं, रोपाला चिकटलेलं ते महिपतचं." निकाल कुणालाच नीट कळला नाही, त्यामुळे कुणी हरकतही घेतली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोघे बांधावर येऊन बसू लागले, एकमेकांवर नजर ठेवायला. चिखल, पाणी आणि चिंबोऱ्यांची बिळं नाथाची. पानं, लोंब्या आणि लोंब्यांवर बसणारे पोपट महिपतचे. बगळा नाथाच्या चिखलात उभा राहून महिपतच्या पानावरचा किडा टिपायचा, तेव्हा त्याला कुणी हाकलायचं हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

मग गवत माजलं. गवत जमिनीला चिकटलेलं, म्हणजे नाथाचं. महिपतला त्याला हात लावता येईना. तो पुष्कळ तळमळला आणि अखेर बोलून गेला, "तुजं गवत माज्या भाताला खातंय."

"आनि तुजं भात माजी जमीन खातंय, त्याचं काय?" नाथा उसळला.

महिपतला इतकं बरं वाटलं म्हणता! किती काळाने कुणीतरी त्याच्याशी भांडत होतं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत तो बांधावर हजर झाला. मग ते रोजचंच झालं. भांडून घसे सुकले की नाथाची बायको शेवंती दोघांना चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "घ्या, आनि करा परत सुरू." सुखाचे दिवस होते ते, दुसरा शब्द नाही.

दसरा सरला, भात पिवळं झालं, गावात कापणीला जोर आला. महिपतने लोंबीतला दाणा चावून पाहिला. "कच्चं हाय," तो म्हणाला. नाथानेही चावला आणि मान डोलावली. दिवाळी आली, गेली. आता वारा सुटला की दाणे झडायचे आणि पडायचे ते जमिनीवर. जमिनीला लागलं की नाथाचं. महिपतचं वर्षाचं खाणं त्याच्या डोळ्यांदेखत शेजाऱ्याचं होत चाललं होतं, आणि हा गृहस्थ बांधावर बसून 'कच्चं हाय' म्हणत होता. याचं डोकं फिरलं, असं गावाचं मत पडलं. धर्माजी तर येऊन शिव्या देऊन गेला.

महिपतला दिसत नव्हतं असं नाही. पडलेला दाणा न् दाणा तो मनात मोजत होता. पण विळा लावला की सगळं संपलं. मोकळ्या शेताच्या बांधावर दोघांनी कशासाठी बसायचं? आणि घरी जाऊन करायचं काय, भिंतींशी भांडायचं?

एके सकाळी नाथा दोन विळे घेऊन आला. त्यातला एक त्याने महिपतपुढे टाकला.

"काप, शान्या. निम्मं भात माजं झालंय. समदं झडलं तं वरीसभर खाशील काय?"

महिपत विळ्याकडे बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "तुज्या घरी जेवीन."

नाथाने आपला विळा बाजूला ठेवला आणि तो महिपतशेजारी बांधावर बसला.

"शेवंती तिखट लय घालते हां," तो म्हणाला.