वीस तासांचं सर्टिफिकेट

वर्षाली भोयरनं ते वीस तास स्वयंपाकघरात काढले होते.

वर्धेत आर्वी रस्त्याला मुलींची एक निवासी कबड्डी अकादमी आहे, तिथं ती स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच होती. चढाई-पकडी शिकवणारे कोच वेगळे. मुलींच्या मांड्यांत, खांद्यांत ताकद भरायची आणि दम वाढवायचा, हे हिचं काम. सहा वर्षांपूर्वी तिनं त्याची परीक्षा दिली तेव्हा पुस्तकाची पानं सुटी होईपर्यंत अभ्यास केला होता. पण ते सर्टिफिकेट दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं, आणि त्यासाठी वीस तासांचं पुढचं शिक्षण ऑनलाइन पुरं करावं लागतं. यंदा मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा तिला जाग आली. मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून, आवाज बंद करून तिनं व्हिडिओ चालू ठेवले आणि वांगी चिरली, कणीक मळली. प्रत्येक धड्याच्या शेवटी दहा प्रश्न असायचे. त्यांची उत्तरं सुश्रुतनं, नागपूरच्या एका ओळखीच्या कोचनं, व्हॉट्सॲपवर पाठवली होती. ती नुसती खुणा करत गेली.

एका धड्यात एक डॉक्टर काचेचा पेला वर धरून काही सांगत होता. पेल्यात कोऱ्या चहासारखं काहीतरी होतं. तिनं बघितलं आणि कढईतला कांदा परतला.

हे मार्चमधलं. मे महिन्यात राज्य निवड चाचणीला बारा दिवस उरले असताना आकांक्षा डेकाटे घरून परत आली. आकांक्षा सेलूजवळच्या हिंगणी गावची, सतरा वर्षांची, अकादमीतली सगळ्यात चपळ चढाईपटू. मामेबहिणीच्या लग्नाला म्हणून गेलेली पोर तापानं पडली आणि तीन दिवसांऐवजी पंधरा दिवस राहिली. वर्षालीचा जीव टांगणीला लागला होता. या मुलीवर तिनं तीन वर्षं मेहनत घेतली होती. सोमवारी अकरा वाजता, ऊन अंगावर येत असताना, तिनं सगळ्यांसमोर आकांक्षाला उभं केलं.

"पाचशे उठाबशा. त्यानंतर शंभर उड्या. बाकीच्या मोजतील."

दुसरी कोणी असती तर दीडशेला रडली असती. आकांक्षा रडली नाही. तीनशेनंतर तिचे पाय लटपटायला लागले, तरी तिनं शंभरावी उडी मारली आणि मगच खाली बसली. वर्षालीला तेव्हा अभिमानच वाटला.

मंगळवारी सकाळी आकांक्षा भिंतीला धरून पायऱ्या उतरली. "मॅडम, पाय दगडावानी झाले. वाकतच नाईत."

"सुट्टीनंतर दुखतंच. बसून राहिलीस तर आणखी आखडतील. चल, अजून शंभर मार, मोकळे होतील."

तिनं ते शंभरही मारले.

बुधवारी दहाच्या सुमाराला वर्षाली जिममध्ये वजनं लावत होती. आकांक्षाच्या खोलीतली मेघा दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, आकांक्षाले तिची माय घेऊन गेली. कावीळ झाली म्हणे."

"कावीळ? काल तर नव्हती."

"लघवी चहावानी काळी होऊन राह्यली ना. तिनं रडतच फोन केला मायले. हिंगणीले एक बाबा हायेत, कावीळ उतरवतात, तिकडं नेली."

वर्षालीच्या हातात दहा किलोची थाळी होती. ती तिनं खाली ठेवली. चहा, पेला, पांढरा कोट घातलेला माणूस, इतकंच तिला आठवत होतं. तो काय म्हणत होता ते आठवत नव्हतं, कारण ऐकलंच नव्हतं. बाकावर बसून तिनं मोबाइल उघडला. पुरे झालेले धडे परत बघता येत होते. तिला धड्याचं नावही माहीत नव्हतं, म्हणून एकेक उघडत, पुढं सरकवत गेली. अकराव्या धड्याच्या बाविसाव्या मिनिटाला तो डॉक्टर सापडला. तिनं आवाज वाढवला.

तो शांतपणे सांगत होता. ताकदीबाहेर श्रम झाले की स्नायू फुटतात. फुटलेल्या स्नायूंतला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं तुंबवतो. सुट्टीवरून किंवा आजारातून परतलेल्या खेळाडूला पहिल्या आठवड्यात निम्माच भार द्यावा. उन्हात धोका वाढतो. शिक्षा म्हणून दिलेल्या उठाबशांनी धडधाकट मुलंही दगावली आहेत. लघवी काळी दिसली तर तो आणीबाणीचा प्रसंग समजावा, खेळाडूला तासाभरात दवाखान्यात न्यावं.

खाली तिचे गुण होते. दहापैकी दहा.

तिनं आकांक्षाच्या आईला, आनंदाबाईंना, फोन लावला. बंद. परत लावला. बंद. स्कूटीची किल्ली घेऊन ती निघाली तेव्हा फाटकात अकादमीचे मालक मधुकरराव भेटले. तिनं दोन वाक्यांत सांगितलं.

"घरच्यांनी नेली ना? मंग सुटलो आपण," ते म्हणाले. "तू काऊन मधात पडून राह्यली? काही झालं तं कावीळ होती म्हणता येते."

तिनं स्कूटी चालू केली.

सेलूपर्यंतचा रस्ता तिनं कसा काढला ते तिला नंतर सांगता आलं नाही. ऊन डोळ्यांत घुसत होतं, डांबर वितळल्यासारखं चकाकत होतं, आणि ती एकच हिशेब करत होती. सोमवारी अकरा. मंगळवारी अकरा. आता बुधवारचे साडेअकरा. अठ्ठेचाळीस तास होऊन गेले होते. त्यातले चोवीस तरी तिच्या डोळ्यांसमोर गेले होते, पोर भिंत धरून उभी असताना.

हिंगणीत डेकाटेंच्या घराला कुलूप होतं. शेजारणीनं हात दाखवला. गावाच्या टोकाला, लिंबाखाली, एका म्हाताऱ्याच्या अंगणात पाच-सहा माणसं बसली होती. आकांक्षा चटईवर पडली होती. ओठांना पापुद्रे सुटले होते. पितळी ताटात तिचे हात धरून म्हातारा काही पुटपुटत होता.

"मॅडम, मधात बोलू नका," आनंदाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "उतरवणं चालू हाये."

"तिला पाणी दिलं का?"

"दिवस मावळेपर्यंत घोटबी नाई द्यायचा."

वर्षाली त्यांच्यासमोर मातीत बसली. "ताई, मी पाया पडते तुमच्या. हिला आत्ताच्या आत्ता सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊ. ही कावीळ नाई."

"माह्या दोन लेकरायची कावीळ याच अंगणात उतरली. मले नका शिकवू."

"तिचे डोळे पाहा. पिवळे हायेत का?"

आनंदाबाईंनी पाहिलं. मग वर्षालीकडं पाहिलं. "कावीळ नाई तं काय हाये मंग?"

इथं थांबून काही दुसरं सांगता आलं असतं. ऊन लागलं, ताप उलटला, काहीही म्हणता आलं असतं. पण वर्षालीला कळत होतं की अर्धवट सांगितलं तर ही बाई उठणार नाही.

"मी केलं हे," ती म्हणाली. "उशिरा आली म्हणून भर उन्हात मी तिला पाचशे उठाबशा मारायला लावल्या. वरून शंभर उड्या. दुसऱ्या दिवशी चालता येत नव्हतं, तर अजून शंभर. त्यानं तिच्या मांड्यांचं मांस फुटलं आतून. ते रक्तात उतरून राह्यलं. आता नाही नेलं तर किडन्या जातील."

आनंदाबाईंच्या तोंडातून एकच शब्द आला. "शंभर?" पाचशेपेक्षा तो दुसऱ्या दिवशीचा शंभर त्यांना लागला होता.

म्हाताऱ्यानं ताट बाजूला सारलं. त्यानं आकांक्षाच्या मांडीवर बोट दाबलं. मांडी टणक फुगली होती आणि पोर कळवळली. तो उठून उभा राहिला. "ने वं माय हिले. हे माह्या हातातलं नाई."

शेजारच्या बाबारावांनी आपला छोटा टेम्पो काढला. मागच्या हौद्यात गोणपाट टाकून पोरीला झोपवलं. आनंदाबाईंनी डोकं मांडीवर घेतलं होतं, वर्षाली बाटलीच्या झाकणानं पाणी पाजत होती. निम्मं ओठातून परत येत होतं. सेलूच्या अलीकडं आकांक्षानं डोळे उघडले.

"मॅडम, चाचणीले किती दिवस राह्यले?"

वर्षालीनं झाकण पुन्हा भरलं. आनंदाबाईंनी पदरानं पोरीचं तोंड पुसलं आणि ऊन लागू नये म्हणून पदर तिच्या डोळ्यांवर ओढला.

सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टर इला नावाची तरुण बाई ड्यूटीवर होती. तिनं मांड्या पाहिल्या, नळीतून आलेली थोडीशी काळी लघवी पाहिली आणि वळून विचारलं, "काय केलं होतं हिनं?"

त्याच वेळी वर्षालीचा मोबाइल वाजला. मधुकरराव होते. "लग्नात नाचली लय, असं सांगजो. लेखी काही देऊ नको. अकादमी बुडन." तिनं फोन कापला आणि डॉक्टरला सगळं सांगितलं. आकडे, वेळा, ऊन, आधीचा ताप. डॉक्टरनं ते लिहून घेतलं. वर्षालीनं खाली सही केली.

रक्ताचा अहवाल आला. पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदय कधीही थांबलं असतं. "दोन तास उशीर झाला असता तर बोलायला काही उरलं नसतं," डॉक्टर इला म्हणाली. त्यात वर्षालीला कसलाही दिलासा मिळाला नाही. दोन तास वाचवल्याचं श्रेय घ्यायचं तर दोन दिवस घालवल्याचं कुठं ठेवायचं?

डायलिसिस सुरू झालं. पहिला आठवडा पोरीला लघवीच झाली नाही. तिसऱ्या दिवशी आनंदाबाई वॉर्डाच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "तुमी आत येऊ नका. तुमाले पाह्यलं की माह्या हाताले काहीतरी होते." वर्षाली आत गेली नाही. ती रोज सकाळी येऊन खाली झाडाच्या पारावर बसायची, डॉक्टर इला घरी जाताना भेटली की विचारायची आणि परत जायची. नवव्या दिवशी डॉक्टरनं नुसती नकारार्थी मान हलवली. त्या दिवशी वर्षाली अंधार पडेपर्यंत पारावरच बसून राहिली.

बाराव्या दिवशी मूत्रपिंडं पुन्हा काम करायला लागली. चौथ्या आठवड्यात आकांक्षा घरी गेली, दोन किलोची पिशवीही न उचलण्याच्या ताकिदीसकट. निवड चाचणी कधीच होऊन गेली होती.

मधुकररावांनी वर्षालीला काढून टाकलं होतं. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला तिनं स्वतःच पत्र लिहिलं: धडे मी बघितले नाहीत, उत्तरं माझी नाहीत. त्यांनी सर्टिफिकेट रद्द केलं. मग तिनं वीसच्या वीस तास पहिल्यापासून लावले, वही घेऊन, मोजायला कुणी नसताना. अकराव्या धड्यापाशी तिला दोनदा उठून जावं लागलं.

ऑगस्टमध्ये आनंदाबाई तिच्या दारात आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"मेघाचा फोन आलता आकांक्षाले," त्या म्हणाल्या. "तुमच्या जागी नवा सर आला. काल एका पोरीले चारशे मारायले लावल्या."

वर्षालीनं चौकट धरली. "मी दोनदा गेलते. मले फाटकातून आत घेत नाईत."

"मले घेतीन. माह्यी पोर मरता मरता राह्यली, मले कसा नाई घेत तो मधुकरराव, पाह्यतो मी." त्यांचा आवाज मऊ झालेला नव्हता. त्यांनी माफ केलेलं नव्हतं, आणि वर्षालीला ते मागायचंही नव्हतं. "पन मी अडाणी बाई. तो इंग्रजीत बोलला तं मी गप होईन. मले सांगा, त्या सरले काय इचारायचं. सगळं सांगा. काही सोडू नका."

त्या उंबऱ्यावर बसल्या. वर्षाली खाली फरशीवर बसली आणि सांगायला लागली. सुट्टीवरून आलेल्या पोरीला पहिल्या आठवड्यात किती, ऊन किती असलं की मैदान बंद, लघवीचा रंग कुणी आणि कधी विचारायचा. आनंदाबाई एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होत्या. चुकल्या की वर्षाली पुन्हा सांगत होती.