एका माणसापुरता ट्रेलर

मीनाक्षी ट्रेलरमधल्या पलंगावर आडवी होऊन बघत होती, तेव्हा बाहेर शिवराज तिच्या नवऱ्याला विचारत होता, "सर, फॅमिलीत मेंबर किती?"

"आम्ही दोघं, मुलगी, जावई. चार धरा," वैजनाथ म्हणाला.

"एक धरा," मीनाक्षी आतून ओरडली.

बाहेर दोघंही हसले. ती काही विनोद करत नव्हती.

शिवराजचं वर्कशॉप चितेगावात. आधी तो वडापावच्या गाड्या बनवायचा, आता मोटारीमागे जोडून न्यायचे राहते ट्रेलरही बनवायला लागला होता. दोन तयार होते. मोठ्यात चार जणांची झोपायची सोय, टीव्ही, भिंतीला निळे दिवे. छोट्यात एक पलंग, एक ओटा, कोपऱ्यात संडास-बाथरूम. वैजनाथ मोठ्याभोवती फिरत होता. मीनाक्षी छोट्यात सगळं करून बघत होती. सरळ उभी राहिली, डोकं छताला लागलं नाही. संडासाचं दार लावून आत बसली, गुडघे दाराला टेकले नाहीत. मग खाली उतरून ट्रेलर समपातळीत आणायचा जॅक स्वतःच्या हातानं फिरवायला लागली.

"मॅडम, ते काम ड्रायव्हर करतो."

"ड्रायव्हर माझ्यासोबत राहणार आहे का?"

शिवराज वैजनाथकडे बघून कसनुसं हसला.

मीनाक्षी फिजिओथेरपिस्ट होती. शहरातल्या छावणी भागात तिचा दवाखाना. पंचवीस वर्षं लोकांचे खांदे आणि गुडघे हातात धरून तिनं त्यांच्या सुनांची, जावयांची गाऱ्हाणी ऐकली होती. घरी यावं तर रिटायर झालेला वैजनाथ, त्याचा टीव्ही, त्याचे मित्र आणि चहा. तिनं ठरवलं, सोमवार ते गुरुवार दवाखाना आणि घर, शुक्रवार ते रविवार एकटीनं राहायचं. मेघा ही तिची जुनी पेशंट, आता मैत्रीण. दौलताबादला तिची सीताफळाची बाग होती. "ये की," मेघा म्हणाली होती, "लई जागा हाय. तुला कुणी काय विचारणार नाय."

बाकी सगळे विचारत होते. नणंदेनं विचारलं, भांडण झालं का? पुण्याहून मुलगी मृण्मयीनं फोनवर अगदी हळू आवाजात विचारलं, "आई, तू ठीक आहेस ना? कुणा डॉक्टरशी बोलतेस का?" त्या हळू आवाजाचा मीनाक्षीला सगळ्यात जास्त संताप आला. वैजनाथ दर वर्षी मित्रांबरोबर गिरनारला जायचा, मग तिथून आणखी कुठं कुठं. त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं, तू ठीक आहेस ना.

तिनं छोटा ट्रेलर नक्की केला. एकच बदल सांगितला. पलंगासमोरच्या भिंतीला मोठी खिडकी आणि खिडकीखाली घडीचं टेबल. तिथं बसून जेवायचं, वाचायचं, नाहीतर नुसतं बाहेर बघायचं.

ट्रेलर तयार झाल्याचा फोन आला, तेव्हा ती एकटीच गेली. दार उघडलं आणि तिथंच थांबली.

टेबल नव्हतं. त्या जागी लोखंडी चौकटीचा दुसरा पलंग होता. खिडकीही अर्धीच राहिली होती, कारण पलंगाची पाठ तिच्यावर आली होती.

"हे काय आहे?"

"सरांचा फोन आला होता मॅडम," शिवराज म्हणाला. "म्हणाले, एक एक्स्ट्रा टाका. मला वाटलं, तुमचं बोलणं झालंय."

"ऑर्डर कुणी दिली?"

"तुम्हीच. पण सर म्हणाले..."

"सर म्हणाले! सरांनी इथं येऊन पलंगावर झोपून बघितलं? सर राहणार आहेत यात?" तिचा आवाज एवढा चढला, की मागं पत्रा ठोकणारा बन्सी थांबला. "काढा हे. आत्ता."

"वेल्डिंग केलंय मॅडम. कापावं लागंल."

"मग कापा."

शिवराजनं मान खाजवली. "एकदा सरांना विचारून घेऊ का?"

मीनाक्षीची कानशिलं तापली. तिनं स्वतःच फोन लावला आणि वैजनाथला म्हणाली, "चितेगावला या. लगेच." आणि मग शिवराजला, "तुम्हाला विचारायचंय ना? विचारा. पण मशीन आधी चालू करा. माझ्या ट्रेलरला हात लावायला माझी परवानगी पुरते."

शिवराज जागचा हलला नाही. बन्सीच पुढं आला. "व्हय ताई, कापतो. जरा बाहेर उभं ऱ्हावा, ठिणग्या उडत्यात."

वैजनाथ पोहोचला तेव्हा चौकटीचे दोन पाय कापून झाले होते. ग्राइंडरच्या आवाजात त्याला मोठ्यानं बोलावं लागलं.

"अगं, चांगला पलंग होता! एवढं काय झालं?"

"मला न विचारता टाकला, हे झालं."

"मी कधी आलो तर झोपणार कुठं?"

"घरी!" ती म्हणाली. "तुमच्यासाठी तिथं घर आहे. मी काय सोडून चालले आहे? चार दिवस तिथंच आहे ना मी? मला तीन दिवस द्यायला तुमच्या जिवावर एवढं का येतं?"

बन्सीनं ग्राइंडर बंद केला. सगळं वर्कशॉप ऐकत होतं. वैजनाथचा चेहरा पडला. "लोक काय म्हणतील, बायको रानात एकटी राहते," तो खालच्या आवाजात म्हणाला. मग आणखी हळू, "आणि मला घरी एकट्याला करमत नाही."

क्षणभर तिला वाईट वाटलं. पण त्यामागून लगेच राग आला, आधीपेक्षा जास्त. हे त्यानं घरी सांगितलं असतं, तर तिनं ऐकलं असतं. त्यानं सांगितलं नव्हतं. तिच्या पाठीमागं फोन करून पलंग ठोकून घेतला होता.

"तर मग ते तुम्ही बघा," ती म्हणाली. "त्याचं औषध माझ्या ट्रेलरमध्ये नाही. बन्सीभाऊ, उरलेलं कापा."

टेबल बसवून घेऊनच तिनं ट्रेलर ताब्यात घेतला. मेघानं आपली बोलेरो आणली आणि ट्रेलर मागे जोडून बागेपर्यंत ओढत नेला. जॅक मीनाक्षीनं फिरवला. पहिल्या दिवशी तिला शांत वगैरे काही वाटलं नाही. ती टेबलाशी बसून मनातल्या मनात वैजनाथशी, मृण्मयीशी, नणंदेशी भांडत राहिली. सगळ्यांना चांगलं सुनावून झालं, तेव्हा दुसरा दिवस अर्धा संपला होता. मग तिनं खिचडी टाकली आणि पातेल्यातूनच खाल्ली.

सोमवारी ती ठरल्याप्रमाणे घरी गेली. वैजनाथ काही दिवस घुम्यासारखा वागला. पुढं एका गुरुवारी भाजी निवडता निवडता म्हणाला, "मी बघायला येऊ का? रविवारी?"

त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं.

"या. चहाला या," ती म्हणाली. "संध्याकाळी परत जायचं."

तो आला. आत डोकावला, खिडकीतून बागेकडं बघितलं, "हवा चांगली खेळते," एवढंच म्हणाला. चुकलं, असं काही म्हणाला नाही. ती वाट बघत होती त्या शब्दाची, आणि तो शब्द आला नाही म्हणून पुन्हा तिच्या कपाळाला आठी पडली. चहा पिऊन झाला, गप्पाही झाल्या. ऊन कलल्यावर तो रेंगाळला, चपला घालायला उगीच वेळ लावला.

"निघा आता," मीनाक्षी म्हणाली. "रस्त्याला गर्दी होते."

त्याची स्कूटर बागेच्या फाटकाबाहेर गेली. तिनं दोन्ही कप धुतले आणि पुस्तक उघडलं.