भोकाचं तेवढं बघा

वरून येणारे आले तेव्हा ना गडगडाट झाला, ना उजेड पडला. लांबच्या नात्यातलं माणूस न कळवता दारात उभं राहतं आणि मग नाइलाजाने आपणच त्याची पिशवी आत घेतो, तसे ते आले. ज्या कापडातून आले ते त्यांनी घडी करून काखेत मारलं आणि गावाबाहेरच्या बंद गोदामात राहायला गेले. सुरुवातीला लोकांनी दारं लावून घेतली, पोरांना दटावलं. मग त्याचाही कंटाळा आला. आधी त्यांना सगळे अदबीने पाहुणे म्हणत. पुढे जिभेला आळस चढला आणि नुसतं ‘उणे’ राहिलं. ते त्यांना शोभलंही.

कारण त्यांचा सगळा कारभारच उण्याचा. चाक नाही, खिळा नाही, चूल नाही. होतं ते कापड, आणि कापडाला भोकं. ऊब हवी असली की एक चिंधी पसरायची. तिच्या भोकातून ऊब यायची. लांब जायचं असलं की दुसरी पसरायची आणि भोकात पाय टाकायचा. तपासणारे आले, कापडाचे धागे मोजून गेले. भोक मात्र प्रयोगशाळेत न्यायचं कसं, यावर त्यांची अजून बैठक चालू आहे म्हणतात.

बाजाराच्या गल्लीत रफूचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचीच रस्त्याकडची खोली. तिथल्या रफूवालीच्या नवऱ्याने या उण्यांचं कोडं स्वतःपुरतं सोडवून टाकलं होतं. बोलका माणूस. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो सांगायचा की आपल्या पहिल्या माणसाने दगड उचलला आणि दगडाकडे पाहिलं. हा मारता येईल, घासता येईल, गोल करून लोटता येईल. यांच्या पहिल्या माणसाने दगड उचलला, बाजूला टाकला, आणि दगड निघाला त्या खळग्याकडे बघत बसला. तिथून ज्या वाटा फुटल्या त्या पुन्हा कुठे भेटल्याच नाहीत. एवढं सांगून तो खोकायचा. गेल्या थंडीत तो खोकला त्याला घेऊन गेला.

त्याची खुर्ची तिथेच राहिली. दाराच्या खुंटीवर त्याचा पांढरा शर्ट राहिला, उजव्या कोपराला फाटलेला. साऱ्या गावाचं फाटकं ती बेमालूम करायची, आणि नवऱ्याच्या शर्टाला उद्या करते, परवा करते. तो म्हणायचा, “गावाचं झाकतेस आणि माझंच उघडं.” सासूबाईंनी एकदा रागारागाने त्याच शर्टाला बटण लावलं होतं, तेही मुद्दाम लाल दोऱ्याने, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं की सून लावत नाही. तो गेल्यावर मात्र त्या भोकाला सुई लावायची तिची हिंमत झाली नाही.

अशात एक उणा दुकानात आला. उंच, कापडासारखाच राखाडी. चेहऱ्याकडे नीट बघू गेलं की नजर घसरायची. यांची रामरामाची रीतही उलटी. आपण विचारतो कोण आहे घरात; ते विचारतात, “कोण नाही?” हे ती ऐकून होती. पण आपल्याच दारात, आपल्याच तोंडावर ऐकल्यावर तिच्या काळजात काहीतरी लचकलं.

“सगळे आहोत,” ती फटकन म्हणाली. “काम काय ते सांगा.”

त्याने कापड पसरलं. त्यावर भोकंच भोकं, पण प्रत्येकाची कड डोळ्यासारखी घडवलेली. एकच भोक ओबडधोबड होतं, नुकतं पडल्यासारखं, कडेचे धागे लोंबकळणारं. उणा आपली भाषा नीट बोलायचा, फक्त शब्द हळूहळू ठेवायचा. काठ उसवलाय, तो शिवा, असं त्याने सांगितलं. मग त्या ओबडधोबड भोकावर हात न टेकवता हात धरून तो म्हणाला, “या भोकाचं तेवढं बघा.”

आता मला सांगा, रफूच्या दुकानात येऊन कोणी असं म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो?

तिने बघितलं. असं बघितलं की तसं काम तिच्या हातून पुन्हा होणार नाही. काठातूनच धागे ओढून काढले, उभे लावले, आडवे विणले. रफूचा मान न दिसण्यात. उन्हाला धरून तिने कापड उलटसुलट केलं आणि तिचं तिलाच सापडेना की भोक होतं कुठे. ती स्वतःवर इतकी खूश झाली की बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

जेवताना तिच्या हातून एक ताट जास्त वाढलं गेलं. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना काय दिसणार. आणि तिने ते मनावर घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सुई उचलली तर सुईत दोरा ओवलेला. तिने ओवला नव्हता. दुपारी दार लोटायला गेली तर दार उंबऱ्याशी येऊन थांबलं, कोणी मध्ये उभं असावं तसं, आणि ती बाजूला झाली, मग लागलं. खिडकीजवळच्या खुर्चीवर तिने हात ठेवला तर बैठक कोमट होती.

गंमत अशी की तिला भीती वाटली नाही. उलट घर भरल्यासारखं वाटायला लागलं. पलंगाच्या पलीकडच्या बाजूला हात जाऊन दचकायचा, तो दचकायचा थांबला. संध्याकाळी घशाशी जो आवंढा यायचा तो येईना. दुकानात कोणी उण्यांचा विषय काढला तेव्हा तिने दगडाची आणि खळग्याची गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकाने विचारलं, कोणी सांगितली? ती आठवत बसली. कोणीतरी सांगितली होती खरी.

पहिली भीती वाटली ती सासूबाईंची. त्या गोड बोलायला लागल्या. ज्या बाईने आयुष्यभर सुनेचं प्रत्येक काम बोटांनी चाचपून खोट काढली, ‘दोरा ओढलास’, ‘वीण घट्ट झाली’, ती आता म्हणू लागली, “छान करतेस हो. किती हुशार मुलगी आहेस. तू कोणाची?”

“आई, असं काय करता? मी तुमची सून.”

“असेल, असेल,” सासूबाई हसून म्हणाल्या. “माझा मुलगा असता तर तुलाच केली असती.”

तिच्या हातातली पिठाची परात तशीच राहिली. ती दाराशी धावली, खुंटीवरचा शर्ट ओढला, उजवी बाही उलटी केली. कोपराचं भोक नव्हतं. रफू केलेलं नव्हतं, ठिगळ नव्हतं, दोराच नव्हता. कापड जणू कधी फाटलंच नव्हतं. हा शर्ट कोणाचा, हे ती स्वतःला विचारू लागली, आणि उत्तर यायला जो वेळ लागला त्या वेळात तिच्या अंगावर काटा आला. नवरा. हो, नवरा. चेहरा येईना. आवाज येईना. तो खोकायचा कसा, कोरडा की ओला, तेही येईना.

खिडकीजवळची खुर्ची करकरली, कोणी सावरून बसावं तशी.

त्याच दुपारी उणा कापड न्यायला आला. त्याने ते पसरलं, लांब बोटांनी चाचपलं, पुन्हा चाचपलं. मग तो बोलला, आणि त्या सरळ आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

“इथे माझी बहीण नव्हती.”

“नव्हती म्हणजे?” तिने विचारलं.

“ती इथेच नव्हती. आम्ही हे भोक नव्याने पाडलं होतं, तिच्यापुरतं. त्याला कड यायची होती. मी तुम्हाला म्हणालो होतो, बघा.” त्याने खोलीभर नजर फिरवली. “आता ती कुठे नाही?”

मग त्याने हळूहळू सांगितलं ते तिला अर्धं कळलं आणि अर्धं अंगावर आलं. त्यांच्यात कोणी गेलं की त्याचं नसणं मोकळं सोडत नाहीत. त्याला कापडात जागा करून देतात. ऊब काय, वाट काय, त्यांची सगळी विद्या या एका कामातून निघालेली; गेलेल्यांसाठी भोक पाडायला आधी शिकले, बाकीचं नंतर. ज्याचं भोक बुजलं त्याला नसायला जागा उरत नाही. मग ते दुसऱ्या कोणाच्या नसण्यात जाऊन बसतं. त्यात वाईट हेतू नसतो. थंडीत माणूस दुसऱ्याच्या पांघरुणात शिरतं तसं.

आणि त्याने रीतीप्रमाणे विचारलं, “तुमच्याकडे कोण नाही?”

तिच्या ओठांवर पुन्हा तेच आलं, सगळे आहोत. पहिल्यांदा ते खोटं होतं. आता ते खरं वाटत होतं, आणि छान वाटत होतं. आवंढा नाही, रडं नाही, म्हातारी गोड. एवढं बोललं की संपलं. तिने जीभ दातांखाली धरली.

“नवं भोक पाडलं तर?” तिने विचारलं.

“नवं नव्याचं असतं. तिचं तिला हवं.”

म्हणजे रफू उसवायची. पण उसवायला आधी सापडायला तर हवी. तिने कापड दारात नेलं, उन्हाला धरलं, पाण्याचा हात फिरवला, भिंग लावलं. ज्या कामावर ती इतकी फुशारली होती ते काम आता तिला तोंड दाखवेना. उणाही शेजारी बसून चाचपत होता. दोघांच्या मागे खुर्ची मधूनच करकरत होती. ऊन भिंतीवरून सरकत चाललं, आणि तिच्या लक्षात आलं की ‘नवरा’ हा शब्दही आता नुसता शब्द झालाय, पाटीवरच्या शब्दासारखा.

जगात एकच माणूस होतं जे तिच्या रफूत हमखास खोट काढायचं. तिने कापड सासूबाईंच्या मांडीवर टाकलं.

“आई, यात खोट काढून दाखवा.”

“कशाला गं? छानच असेल.”

“नाही. काढा. शिव्या द्या मला.”

“वेडी मुलगी,” म्हणून म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवला. सुनेला रडू कोसळायचंच बाकी होतं. काय करावं सुचेना म्हणून तिने तो पांढरा शर्ट आणला, त्याचा गळा म्हातारीच्या बोटांत दिला आणि वाट बघत राहिली.

बोटं बटणावर गेली. थांबली. नखाने दोरा खाजवला. जाड दोरा, रागाने ओढून बांधलेल्या गाठी.

“हे मी लावलंय,” सासूबाई म्हणाल्या.

“हो.”

“लाल दोरा आहे.”

“हो, लालच.”

“लाल का लावला मी?” म्हातारीच्या कपाळावर आठ्या पडल्या, किती दिवसांनी पडल्या. “तू लावत नव्हतीस म्हणून. माझा पोर बटण तुटकं घालून हिंडायचा. खोकत हिंडायचा. आणि ही बया गावाचे कपडे घेऊन बसायची.” तिचा आवाज चढला आणि चढता चढता फाटला. “कुठंय तो? अगं, कुठंय?”

“नाही तो, आई.”

“नाही,” म्हातारी म्हणाली, आणि तो शब्द तिने तोंडात गरम घास धरावा तसा धरला. मग तिने कापड ओढून घेतलं. बोटांनी नाही, गालाने शोधायला लागली. कापड गालावरून इंच इंच ओढत नेलं. एका जागी थांबली आणि तुच्छतेने हुंकारली.

“इथे. मध्येच चहाला उठली होतीस. आधीचा हात वेगळा, नंतरचा वेगळा. सांगून सांगून थकले.”

सुईच्या टोकाने सुनेने तिथला धागा उचलला. धाग्यामागून धागा निघाला. आडवे, मग उभे. भोक उघडत गेलं तसतसं तिच्या छातीतही काहीतरी उघडत गेलं. आधी खोकला आला. कोरडा होता. मग आवाज, मग हसताना एक डोळा बारीक व्हायचा तो. मग शेवटची ती सकाळ आली, अख्खी, आणि ती सुई हातात धरून उकिडवी बसल्या जागी कोसळली. खिडकीजवळची खुर्ची अलगद करकरली, कोणी जपून उठावं तशी. दार आपण होऊन आत आलं आणि कोणालातरी वाट देऊन पुन्हा लोटलं गेलं.

सासूबाई मोठ्याने रडत होत्या आणि रडतारडता सुनेला बोल लावत होत्या. ते ऐकून तिला जरा धीर आला.

उण्याने भोकाच्या कडेवर बोट फिरवलं. कापड काखेत मारून तो दारापर्यंत गेला आणि वळला. जाताना विचारायची त्यांच्यात रीत नाही, तरी त्याने विचारलं.

“कोण नाही?”

“माझा नवरा नाही,” ती म्हणाली. “या खुर्चीत नाही. त्या पलंगावर नाही. या शर्टात नाही.”

उण्याने मान खाली घातली आणि तो गेला.

तिने शर्ट पुन्हा खुंटीला लावला. उजव्या कोपराचं भोक परत आलं होतं. तिने त्यातून बोट घातलं, पलीकडे निघालेलं बोट हलवून पाहिलं. मागून सासूबाई म्हणाल्या, “हात लावू नकोस हो त्याला. तुझ्या रफूचं काही खरं नाही.”

सगळं ठाकठीक झालं असं मी म्हणणार नाही. उसवताना तिचे डोळे भरलेले होते, आणि केसाएवढा एक धागा त्या कापडातच राहून गेला असावा. कारण अजूनही अधूनमधून, भर दुपारी, ती सुई उचलते तर सुईत दोरा ओवलेला असतो. ती दोरा काढत नाही. थोडी सरकून बसते, शेजारी जागा करून देते, आणि त्याच दोऱ्याने कामाला लागते.