जाळेबाबाची राख

गोरेगावच्या आठवडी बाजारात भाज्या सुकत पडल्या होत्या आणि माणसं दोन दिवसांपासून ठाण मांडून बसलेल्या जाळेबाबाच्या पालापुढे दाटली होती. बाबा पापणीत चिमूटभर राख सोडायचा, मंत्र पुटपुटायचा आणि पाच मिनिटांनी कापसाच्या वातीनं लिबलिबीत पांढरट गोळा बाहेर काढायचा.

"देखो! डोळ्याच्या मागं, मेंदूला चिकटलेलं जाळं!"

गर्दी हात जोडायची. मेंदूला बिचाऱ्याला कोण विचारतो!

रांगेत पुढेच रुक्माबाई. मळणीत धानाचं कुसळ डोळ्यात गेलं, त्याला तीन दिवस झालेले. सोबत आलेली तिची भाची स्नेहल गोंदियाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सर्जनच्या हातात हत्यारं देणारी नर्स. तिनं मावशीची पापणी उचलली. बुबुळावर पांढरा डाग चढला होता.

"मावशी, चाल दवाखान्यात. डोळा जाईल."

"काऊन जाईल? काल बाबानं चार जाळे काढले!"

"अन् आज?"

"आज पाचवा निघन."

"ए नर्सबाई, देवाच्या कामात कायले आडवी येऊन राहिली?" चहावाली अनुसयाबाई खेकसली. कुणीतरी स्नेहलची ओढणी ओढली.

बाबा हसला. "डोळ्याच्या मागं काय असते, इसको क्या मालूम?"

"रोज पाहते ना, बाबा. हाडाचा खळगा, नरसाळ्यासारखा निमुळता. पण पापणीतून तिथं रस्ताच नाही. पापणीचं अस्तर आत वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागालेच जुळलं राह्यते. खिशाले तळ असते. खिशात हात घालून पाठीचं हाड काढता का तुम्ही?"

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात स्नेहलनं राखेची डबी उचलून अनुसयाबाईच्या पाण्याच्या पेल्यात उपडी केली.

"पाच मिनिटं थांबा. मंत्र म्हणू नका."

राख तळाशी बसली. तिच्यातले काळे दाणे फुगले, एकेकाभोवती पांढरा बुळबुळीत थर चढला. अनुसयाबाई वाकली.

"अवो माय, हा तं सब्जा! उन्हाळ्यात माह्या शरबतात हाच राह्यते!"

गर्दीचा आवाज फिरला तसा बाबा पाल गुंडाळू लागला. रुक्माबाई मात्र स्नेहलवरच चिडली होती. "चारचौघात माही फजिती केली!" असं फणफणतच ती दवाखान्यात जायला स्नेहलच्या मागं मोटारसायकलवर बसली.

महिनाभर तासातासाला औषध घालावं लागलं. डोळा राहिला, नजर मात्र निम्मीच आली. कुसळानं केली त्याहून जास्त जखम त्या फुगलेल्या दाण्यांनी आणि वाया गेलेल्या तीन दिवसांनी केली होती.

बायांनो, बापांनो, डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, राख घालू नका, दवाखाना गाठा. आणि जो प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या हाती डोळा देऊ नका.